काटा हलत नाही तेव्हा

माझ्याकडे मधुमेह, थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, वाढलेलं कोलेस्टेरॉल असं काही ना काही घेऊन माणसं येतात. दुखणं कुठलंही असो, रिपोर्ट पाहून झाले, गोळ्या लिहून झाल्या की उठता उठता बरेच जण एक वाक्य बोलतात : "डॉक्टर, खाणं आवरलंय, रोज चालायला जाते, तरी वजन काही हलत नाही हो." हे वाक्य त्यांनी घरी आधीच बोलून पाहिलेलं असतं. तिथं उत्तर मिळालेलं असतं, "मधेमधे खात असशील काहीतरी." जिममध्ये उत्तर मिळतं, "तुम्ही पुरेसा जोर लावत नाही." जाहिरातीत उत्तर मिळतं, "तुमचं मेटाबॉलिझम मंद आहे, आमची पावडर घ्या." या सगळ्या उत्तरांतून ऐकणाऱ्याच्या पदरी अपराधीपणा तरी पडतो, नाहीतर खर्च.

मला या माणसांची बाजू मांडायची आहे. ती मांडताना त्यांना न रुचणारं थोडं सांगावं लागेल, कारण खाण्याचा हिशेब आपल्या सगळ्यांचाच चुकतो. पण हिशेब सुधारल्यावरही कित्येकांचं वजन उतरत नाही, आणि त्यामागं शरीराची ठोस कारणं असतात. शिवाय वजन तेवढंच राहूनही माणूस आतून खूप सुधारलेला असू शकतो. याचा भक्कम पुरावा आपल्याच देशात, आपल्याच लोकांवर झालेल्या कामातून मिळालेला आहे. तो माहीत नसल्यामुळे लोक दोन-तीन महिन्यांत चालणं सोडतात, आणि त्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

हिशेब कुठं चुकतो

१९९२ साली न्यू यॉर्कमधल्या संशोधकांनी 'आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या काही जणांचा बारकाईनं अभ्यास केला. शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे मोजण्यासाठी त्यांना विशिष्ट समस्थानिकं असलेलं पाणी प्यायला दिलं. या पद्धतीत बोलण्यावर विसंबावं लागत नाही, लघवीच्या नमुन्यांवरून खर्चाचा आकडा काढता येतो. निष्कर्ष असा निघाला, की या लोकांचं मेटाबॉलिझम मंद नव्हतं. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी होतं, आणि सांगितलेली हालचाल प्रत्यक्षापेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. खाल्लेलं मोजण्याचं इंद्रियच माणसाला नाही.

मराठी घरात हा हिशेब कुठं निसटतो, हे मी रुग्णांसोबत बसून पुष्कळदा पाहिलं आहे. भाकरी-पोळी सगळे मोजतात. "पूर्वी चार खायचो, आता दोनच." तीस ग्रॅम कणकेचा फुलका साधारण १०० कॅलरींचा. म्हणजे दोन फुलके कमी झाले, २०० कॅलरी वाचल्या. पण फोडणी कुणी मोजत नाही. एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिलिलिटर, सुमारे १२० कॅलरी देतं. भाजीत, आमटीत, कोशिंबिरीवरच्या फोडणीत, पोह्यांत मिळून ते कितीदा पडतं? मी रुग्णांना विचारते, "ताई, महिन्याला घरात तेल किती लागतं?" घरात चार माणसं आणि महिन्याला सहा लिटर तेल असेल, तर माणशी रोजचे ५० मिलिलिटर होतात. म्हणजे ४०० कॅलरी, चार फुलक्यांइतक्या, आणि ताटात त्या वेगळ्या दिसतच नाहीत. तेच तेल चार लिटरवर आलं तर माणशी ३३ मिलिलिटर होतं. किराण्याच्या यादीतला हा एक आकडा डायरीतल्या पन्नास नोंदींपेक्षा जास्त सांगून जातो.

दाण्याच्या कुटाचंही तसंच. भाजीला दाटपणा आणणारं, कोशिंबिरीला चव देणारं कूट पौष्टिक आहे, पण मूठभर दाणे म्हणजे जवळजवळ १७० कॅलरी. खोबरं, तीळ, सुकामेवा, तूप, खजूर, मध हे सगळं 'हेल्दी' म्हणून आपण निर्धास्त खातो. पदार्थ पौष्टिक असणं आणि त्यात ऊर्जा कमी असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सकाळी भिजवलेले बदाम, नंतर मध-लिंबूपाणी, अकराला फळांचा रस, संध्याकाळी भाजलेले मखाणे तुपात परतून, असा आरोग्यदायी दिवस मुख्य जेवणांखेरीज ४००-५०० कॅलरी सहज नेतो. चहाचंही बघा. दोन चमचे साखर आणि बऱ्यापैकी दूध घातलेले चार कप झाले की जवळपास ३०० कॅलरी पोटात गेलेल्या असतात. साठ मिलिलिटर व्हिस्कीत १३० कॅलरी असतात आणि बरोबरचा चखणा वेगळा. उपासाबद्दल तर आपल्या भाषेनंच निकाल देऊन ठेवला आहे : एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा पडला की खिचडीची बशी रोजच्या जेवणाच्या बरोबरीला येते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शेवटी जेवायला बसणारी बाई उरलेली अर्धी पोळी, वाटीभर भात, मुलानं टाकलेली भाजी संपवते, कारण अन्न टाकवत नाही. तिला विचारलं तर ती प्रामाणिकपणे सांगते, की मी एकच पोळी खाल्ली. उरलेलं तिच्या लेखी जेवण नसतंच. हा दोष तिच्या निर्धाराचा नाही, घराच्या रीतीचा आहे. घरातल्या सगळ्यांनी अंदाज नीट सांगितला, वाढून घेतलेलं संपवलं आणि तिच्याबरोबर जेवायला बसले, तर तिच्या वजनाला कुठल्याही डाएटइतकी मदत होईल.

चालण्याकडून काय मागावं

पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी या पुण्यातल्या टेकड्यांवरच्या सकाळच्या गर्दीचा मला फार आदर आहे. पण चालण्याकडून लोक जे मागतात ते देण्याची त्याची ताकद मर्यादित आहे. ६५ किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपाझप चालली, तर बसून राहिल्यापेक्षा तिच्या शरीरानं शे-सव्वाशे कॅलरी जास्त खर्च केलेल्या असतात. बेसनाचा मध्यम लाडू १८०-२०० कॅलरींचा असतो. टेकडीवरून उतरल्यावर अमृततुल्यचा चहा आणि क्रीमरोल झाला, की सकाळची कमाई तिथंच संपते.

याहून खोल गोष्ट हर्मन पाँत्झर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं दाखवून दिली. उत्तर टांझानियात हाडझा नावाचा शिकारी आणि कंदमुळं गोळा करणारा समाज आहे. तिथले पुरुष दिवसाला सरासरी ११ किलोमीटर चालतात, बायका जवळपास सहा किलोमीटर चालून जमीन खणतात, ओझी वाहतात. २०१२ मध्ये पाँत्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा ऊर्जाखर्च प्रसिद्ध केला, तेव्हा शरीराचा आकार जमेस धरल्यावर तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसाएवढाच निघाला. शारीरिक कष्ट वाढले की शरीर दुसरीकडे खर्च आवरतं. पगार कापला गेला की घर आधी हौसेचा खर्च थांबवतं आणि दूध-भाजी चालू ठेवतं, तसंच हे. व्यायामानं वाढलेल्या खर्चाचा काही भाग शरीर अशा काटकसरीनं भरून काढतं, काही भाग वाढलेली भूक भरून काढते आणि काही भाग दिवसभराची उरलेली हालचाल घटून जातो. सकाळी तासभर चालून आलेला माणूस 'आज झाला व्यायाम' म्हणून लिफ्ट घेतो, दुपारी आडवा होतो.

या छोट्या हालचालींचं महत्त्व मेयो क्लिनिकच्या जेम्स लिव्हाइन यांनी १९९९ मध्ये दाखवलं. १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. काहींच्या अंगावर जेमतेम पाव-अर्धा किलो चरबी चढली, काहींच्या चार किलोहून जास्त. फरक व्यायामाचा नव्हता. उठणं, बसणं, वावरणं, उभं राहणं अशा नकळत होणाऱ्या हालचाली काहींच्या शरीरानं आपोआप वाढवल्या होत्या, काहींच्या नाही. कुणाचं शरीर कसं वागेल, हे त्या माणसाच्या इच्छेवर फारसं अवलंबून नव्हतं.

शरीर विरोध करतं

आता अशा माणसाकडे येऊ, ज्यानं तेल मोजलं, साखर सोडली, चालणं सुरू केलं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याचे दोन-तीन किलो झरझर उतरतात आणि तो आनंदतो. पण त्यातला बराच भाग पाणी असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी झालं की ही साठवण वापरली जाते, पाणी निघून जातं आणि काटा घसरतो. मग खरी चरबी वापरली जाऊ लागते आणि वेग मंदावतो. माणसाला वाटतं, उपाय लागू पडेनासा झाला. खरं तर उपाय आता कुठं सुरू झालेला असतो.

काही महिन्यांनी मात्र वजन खरोखरच थबकतं. १९९४ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं आणि चरबी ही निष्क्रिय साठवण नसून ती मेंदूला निरोप पाठवते हे कळलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ 'उपासमार आली' असा लावतो. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी ऊर्जेचा आहार दिला. वजन चांगलं उतरलं. पण वर्षभरानंतरही त्यांची भूक वाढवणारी हार्मोन्स चढलेली, तृप्ती देणारी उतरलेली आणि प्रत्यक्ष भूक पूर्वीपेक्षा जास्त होती. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१६ मधल्या अंदाजानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागं भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते, आणि शरीराचा खर्च त्याच वेळी २०-३० कॅलरींनी घटतो. सहा किलो उतरवलेल्या माणसाला रोज ६०० कॅलरींची जादा भूक सोसत तेवढंच कमी खात राहावं लागतं. त्याच्या शेजारी बसून जेवणाऱ्याला ही भूक दिसत नाही, म्हणून तो म्हणतो, "एवढंही जमत नाही?"

त्यातून प्रत्येकाचा पिंड वेगळा. १९९० मध्ये क्लोद बुशार यांनी कॅनडात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना सुमारे शंभर दिवस बंदिस्त ठेवून ठरावीक जादा खाऊ घातलं. कुणाचं वजन चार किलोंनी वाढलं, कुणाचं तेरा. पण एकाच जोडीतल्या दोघांची वाढ एकमेकांशी जुळणारी होती. वजन चढण्या-उतरण्याचा स्वभाव बऱ्याच अंशी जन्मानं मिळतो.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी घराघरांत दोन तट पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेली दोनदाच जेवायची पद्धत एका बाजूला, ऋजुता दिवेकर यांचा थोडंथोडं आणि घरचं पारंपरिक खाण्याचा सल्ला दुसऱ्या बाजूला. लोक मला विचारत, खरं कुठलं? थेट या दोन पद्धतींची तुलना नसली, तरी उत्तराची दिशा दाखवणारा, स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी स्निग्धाचा, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार दिला. वर्षाअखेर दोन्ही गटांची सरासरी घट पाच-सहा किलो, जवळपास सारखीच. पण दोन्ही गटांत कुणाचं वजन पंचवीस किलोंहून जास्त उतरलं होतं, तर कुणाचं चक्क वाढलं होतं. बहिणीला लागू पडलेलं डाएट तुम्हाला लागू पडलं नाही, तर त्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका. जे वर्षानुवर्षं पाळता येईल, जे घराच्या चुलीशी आणि तुमच्या कामाच्या वेळांशी जुळेल, ते तुमचं डाएट.

तपासायला हवं ते

काही वेळा आजार आडवा येतो, आणि तो शोधणं हे आमचं काम. थायरॉइड कमी पडणं हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध कारण. टीएसएच जरूर तपासा. पण अपेक्षा माफक ठेवा. थायरॉइडच्या कमतरतेनं वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलो असतं आणि त्यात मुख्यतः पाणी आणि क्षार असतात. गोळी सुरू होऊन टीएसएच सुरळीत झाल्यावरही वीस किलो जादा असतील, तर त्यांचा दोष थायरॉइडवर टाकता येत नाही. गोळीचा डोस मनानं वाढवून वजन उतरवू पाहणं हृदयाला आणि हाडांना घातक आहे.

तरुण मुलींत पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, मानेमागं काळसर मखमली डाग असतील तर पीसीओएसचा विचार करावा लागतो. तो डाग इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. साबणानं घासून तो जात नाही, आणि आईनं त्यावरून मुलीला अस्वच्छ म्हणू नये. जोरात घोरणं आणि दिवसा डुलक्या हे झोपेत श्वास अडखळण्याचं लक्षण असू शकतं.

औषधांची यादी मी नेहमी नव्यानं मागते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या काही गोळ्या, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट, नैराश्यावरची मिर्टाझापिन आणि अॅमिट्रिप्टिलिन यांनी वजन वाढू शकतं. ही औषधं मनानं कधीही बंद करायची नसतात. डॉक्टरांशी बोललं तर पुष्कळदा पर्याय निघतो. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या बिननावाच्या पुड्यांत मात्र स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल झाला असेल, पोटावर जांभळे पट्टे उठले असतील, हातपाय बारीक आणि पोट मोठं होत असेल, तर त्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे या. त्याही एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

झोपेबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये दहा जणांना तेवढ्याच कमी आहारावर एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची संधी दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या दिवसांत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला. त्या जागी स्नायू झिजले. पहाटे साडेचारला उठून चालायला जाणारी आणि रात्री साडेअकराला ओटा आवरणारी बाई नेमकं हेच करत असते. तिला मी व्यायाम कमी करून झोप वाढवायला सांगते, आणि घरच्यांना ओटा आवरायला.

पुण्याजवळच्या खेड्यांनी शिकवलेलं

वजनाच्या आकड्यावरचा माझा विश्वास ज्या कामामुळे कमी झाला, ते आपल्या पुण्यातच झालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांची जन्मवेळची वजनं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं साडेतीन किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. दिसायला बारीक, आत चरबीदार. ही ठेवण आपल्याला आयुष्यभर साथ देते.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. उंची-वजनाचं गणित दोघांना एकच गुण देत होतं आणि शरीरं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयवर आणि लठ्ठपणाची २५ वर ओढली जाते. म्हणूनच पोटाच्या घेराला इतकं महत्त्व : पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ असलेले प्रौढ २८.६ टक्के होते, तर पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. दर दहांतला किमान एक जण बीएमआयच्या नजरेतून सुटतो आणि त्याच्या पोटात मात्र घातक चरबी असते.

याची दुसरी बाजू आशेची आहे. कॅनडातले रॉबर्ट रॉस यांनी ५२ लठ्ठ पुरुषांवर केलेलं काम २००० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या एका गटाला तीन महिने व्यायाम दिला आणि वजन घटू नये इतकं खाऊही घातलं. वजन होतं तिथंच राहिलं. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी मात्र कमी झाली. काट्यावर उभं राहून हे कुणालाही कळलं नसतं.

चेन्नईतला पुरावा

माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं भारतीय काम चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचं आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ४६, बीएमआय २६ च्या आसपास, म्हणजे अगदी आपल्यातलीच माणसं. एका गटाला फक्त नेहमीचा सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला रोज किमान अर्धा तास झपाझप चालायला सांगितलं, साखर, मैदा आणि तेलकट कमी करायला आणि तंतुमय खाणं वाढवायला सांगितलं, आणि त्याचा पाठपुरावा ठेवला.

तीन वर्षांच्या हिशेबात पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्या गटात ते प्रमाण ३९ टक्के राहिलं. धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीनं होतो तेवढाच. आणि या गटाचं वजन? ते लक्षणीय उतरलंच नाही.

वजनकाट्यावर त्या लोकांचं काहीच बदललं नव्हतं. घरच्यांनी त्यांनाही म्हटलं असेल, "काय उपयोग झाला चालून?" उपयोग हा झाला, की त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आयुष्यात मधुमेह आला नाही. तसं का झालं याचं उत्तर स्नायूंत आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त स्नायू ओढून घेतात. चालणारा, जिने चढणारा, वजन उचलणारा स्नायू इन्सुलिनचं ऐकतो. स्नायू वाढले की बसल्या जागी खूप कॅलरी जळतात, हा समज खरा नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरीच वापरतो. त्याचं मोल साखर सांभाळण्यात आहे, आणि सत्तरीत स्वतःच्या पायांनी उठून बसता येण्यात. म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं असा ताकदीचा व्यायाम आणि ताटात रोज उसळ, वरण, दही, अंडं किंवा मासळी असावी असा माझा आग्रह असतो.

इंजेक्शनांबद्दल

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली आणि दवाखान्यातला प्रश्न बदलला : "घेऊ का?" वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं, मौंजारोतल्या टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. ज्यांच्या लठ्ठपणानं गुडघे, श्वास, यकृत, साखर धोक्यात आहेत, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. त्यात कमीपणा मानण्यासारखं काहीही नाही. रक्तदाबाची गोळी घेताना आपण कुणाच्या इच्छाशक्तीची परीक्षा घेत नाही. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचंही नोंदलेलं आहे. लग्नाच्या आधी पाच किलो उतरवायला किंवा ओळखीच्या माणसाकडून पेन मिळवून हे घ्यायचं नसतं. या औषधांनी एक गोष्ट मात्र सिद्ध केली. भुकेचं हार्मोन सावरलं की तीच 'निर्धार नसलेली' माणसं सहज कमी खातात. कमतरता त्यांच्या मनात कधीच नव्हती.

मग मोजायचं काय?

वजनकाटा फेकून द्या, असं मी म्हणत नाही. वजन पाच-सात टक्के जरी उतरलं, तरी साखर, रक्तदाब, यकृतावरची चरबी, गुडघे यांना फायदा होतो. म्हणून हिशेब तपासत राहा. काटा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी पाहा, कारण पाणी, मीठ आणि पाळी यांमुळे एक-दोन किलोंचा फरक सहज पडतो. त्यासोबत महिन्यातून एकदा पोटाचा घेर टेपनं मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. उंचीच्या निम्म्याहून घेर कमी ठेवणं हे सोपं ध्येय आहे. वर्षातून एक-दोनदा साखरेची एचबीए१सी तपासणी, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब पाहा. न थांबता किती जिने चढता येतात, रात्री झोप किती लागते, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, हेही लिहून ठेवा. वजन तेच आणि यातली तीन-चार मापं सुधारलेली, असं दिसलं तर तुमचे कष्ट फळाला आले आहेत. डॉक्टरनं ते तुम्हाला मोठ्यानं सांगायला हवं. पंचेचाळिशीनंतर वर्षानुवर्षं वजन न वाढणं हीसुद्धा कमाई आहे, कारण कष्ट न करणाऱ्याचं ते वाढत राहतं.

एक विनंती नातेवाइकांना. दिवाळीत माणसं वर्षानं भेटतात आणि फराळाची ताटली हातात देता देता पहिली नजर अंगावर जाते. "अगं, डाएट करत होतीस ना? मग?" या प्रश्नानं आजवर कुणाचंही वजन उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. चालणं सुटलेलं मात्र पाहिलं आहे. विचारायचंच असेल तर विचारा, अजून चालायला जातेस का, बरोबर येऊ का? लाडू एक खा, चकली खा, आनंदानं खा आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून बाहेर पडा. काटा हलो वा न हलो, त्या चालण्याचा फायदा शरीराला मिळतोच.